कल्हई

लेकीच्या पिशवीतून पुस्तक खाली पडलं. मी उचललं, नाव वाचलं आणि पालथं घालून ओट्यावर ठेवलं. ‘द किस कोशंट’. पाटण तालुक्यातल्या शाळेत शिकले असले तरी एवढं इंग्रजी मला कळतं. सव्वीस वर्षांच्या पोरीला काय वाच नि काय नको हे सांगायचे दिवस गेले, म्हणून गप्प बसले आणि भाजी चिरायला घेतली.

लेकच म्हणाली, “आई, तुला वाटतं तसलं नाहीये ते.” मग जरा थांबून, “म्हणजे तसलंही आहे. पण त्यात मामा आहे.”

मामा म्हणजे माझा मुलुंडचा दादा. हे २०१९ सालच्या दिवाळीनंतरचं. वहिनीला जाऊन तीन महिने झाले होते आणि मी दादाशी, दादा माझ्याशी, कामापुरतंसुद्धा बोलत नव्हतो.

पुस्तक हेलन हुआंग नावाच्या अमेरिकेतल्या बाईनं लिहिलेलं, २०१८ चं. लेक रोज रात्री भांडी आवरून झाली की मला त्यातलं थोडं थोडं मराठीत सांगायची. मधेच चार-पाच पानं एकदम उलटायची आणि म्हणायची, “इथं काही विशेष नाही.” मी म्हणायची, “बरं.” दोघींनाही कळायचं की इथंच विशेष आहे. कादंबरीतली बाई, स्टेला तिचं नाव, तिशीची. आकडेमोडीत हुशार, लोक पुढं काय विकत घेतील याचं गणित मांडून भरपूर पैसे मिळवणारी. पण माणसाचा हात लागला की अंग चोरते, आवाज सहन होत नाहीत, बोलायला गेली की नको ते खरं बोलून बसते. प्रेमाबिमातलं आपल्याला काही जमत नाही, ते शिकून घ्यावं म्हणून ती पैसे देऊन एका तरुणाला ठरवते. गोष्टीचा सांगाडा ऐकून मी कपाळाला हात लावला. पण ही स्टेला स्वमग्न आहे. ऑटिझम म्हणतात तो. आणि लिहिणारी बाईसुद्धा तशीच. मुलीच्या बालवाडीतल्या शिक्षिकेनं तिच्या मुलीबद्दल शंका बोलून दाखवली, त्यावर वाचत-शोधत जाता जाता बाईला स्वतःचाच पत्ता लागला. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती.

स्वमग्न हा शब्द मला काही पटत नाही. कुणी काढला ठाऊक नाही, पण दादा स्वतःत मग्न असा कधी दिसला नाही. गाडीत मग्न, नटबोल्टात मग्न, पावसाच्या पागोळ्या मोजण्यात मग्न. स्वतःकडं तर त्याचं लक्षच नसायचं.

आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात, नदीपासून कोसभर वर. दादा १९६३ चा. तो चार वर्षांचा असताना, ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चारच्या पुढं कोयनेचा भूकंप झाला. दीडशेच्या वर माणसं गेली त्या खोऱ्यात. आमच्या घराची मागची भिंत गोठ्यावर पडली. मी तेव्हा आईच्या पोटात होते. त्यानंतर गावानं ठरवून टाकलं की हे पोरगं भूकंपात भ्यालं आणि खुळावलं. कुणी पाव्हणा आला की त्याला हीच कथा सांगायची. “धरणीनं झटका दिला बगा लेकराला.” आई मात्र मला एकटीला सांगायची की भूकंपाच्या आधीपासूनच तो तसा होता. दीड वर्षाचा असताना जात्याची पाळी फिरताना तासभर बघत बसायचा, हाक मारली तर मान वळवायचा नाही. पण आईनं हे कधी चारचौघांत सांगितलं नाही, कारण भूकंप नाही म्हटल्यावर दोष येऊन तिच्याच पदरात पडला असता. आज्जी एरवीही म्हणायचीच, “आईनं मांडीवर घेतलं न्हाई, म्हणून पोर असं निपाजलं.” शेतात राबणाऱ्या बाईनं मांडी आणायची कुठनं? पुढं लेकीनं सांगितलं की लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरनं १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांवरून ह्या अवस्थेचं वर्णन केलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तिकडचे शिकले-सवरलेले डॉक्टरसुद्धा आईच्या थंडपणालाच दोष देत होते. म्हणजे आमची आज्जी काही एकटी नव्हती.

आबा मस्जिद बंदरला माथाडी कामगार होते, घाटकोपरला गावकऱ्यांच्या गाळ्यात राहायचे. दादा सातवीनंतर शाळेत टिकला नाही. आबांनी ओळखीनं त्याला भांडूपच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये चिकटवला. तिथं मात्र तो रुळला. कुठला बोल्ट कुठल्या खणात, किती शिल्लक, शेवटचा कधी गेला, सगळं तोंडपाठ. साहेब वही बघायच्या आधी दादाला विचारायचे.

नोकरी लागली तसं लग्नाचं निघालं. आता इथं माझं आलं. मी एकवीस वर्षांची झाले होते, मला स्थळं सांगून येत होती आणि थोरल्याचं झाल्याशिवाय धाकटीचं करायचं नाही असं आबांचं म्हणणं. त्याचं नाही तर माझं नाही. म्हणून १९८९ च्या मार्गशीर्षात पाटणजवळच्या एका गावी मुलगी बघायला जायचं ठरलं, तेव्हा मी आठ दिवस दादाची तालीम घेतली. नाव नीट सांगायचं, पगार सांगायचा. गाडीचं बोलायचं नाही. एस्.टी.चं तर अजिबात नाही. त्याला डोळ्याला डोळा देता यायचा नाही, तर मी सांगितलं, “तिच्या कुंकवाकडं बघ. लोकांना वाटतं डोळ्यांकडंच बघतोय.”

सांगितलं तसं त्यानं केलं. नाव, पगार, कुंकू. पोहे खाल्ले. मुलीकडच्यांना पोरगा अबोल, सरळ, मुंबईत पर्मनंट. फेब्रुवारीत लग्न झालं, मे महिन्यात माझं. लग्नात बँड नको असं आम्हीच सांगितलं. खर्च वाचतो म्हणून व्याह्यांनाही आवडलं ते. खरं कारण आमच्या घरातल्या चौघांनाच ठाऊक.

मी बोरिवलीला आले, दादा-वहिनी मुलुंडला, रुळांना लागून असलेल्या एका चाळीत. वर्षभरानं सासूबाईंनी दोघांना जेवायला बोलावलं. दोनच खोल्या. टीव्ही लावलेला, कुकर शिट्ट्या देतोय, दिराची दोन पोरं पत्र्याच्या डब्यावर पळी बडवतायत. दादाच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. पानं वाढली. सासूबाईंनी पितळेच्या पातेल्यातनं कढी वाढली. त्यानं वाटी नाकाशी नेली, खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, “पातेल्याची कल्हई गेलीय. कढी कळकलीय. कुणी खाऊ नका.”

सासरे वाटी तोंडाला लावलेले तसेच थांबले. सासूबाईंचा चेहरा असा झाला की मला वाटलं, जमिनीनं आणखी एकदा हलावं. त्यात कुकरची शिट्टी झाली आणि दादा दोन्ही कानांवर हात दाबून उठला, जिन्यात जाऊन बसला. हात खरकटेच.

वहिनी मात्र उठली नाही. पदर सावरला आणि सासूबाईंना म्हणाली, “मावशी, ते कुणाचा अपमान करायला बोलत न्हाईत. त्यांना दिसलं ते सांगितलं. पातेलं माझ्याकडं द्या, आमच्या चाळीत कल्हईवाला येतो. आठ दिवसांत आणून देते.” आणि खरंच ते पातेलं घेऊन, दोन गाड्या बदलून ती मुलुंडला गेली. पुढं तिनंच मला वर्णन करून सांगितलं. कल्हईवाल्यानं खड्ड्यात भट्टी पेटवली, भाता मारला, पातेलं लाल झाल्यावर नवसागर टाकला, पांढरा धूर झाला, कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवली तसं आतून चांदीसारखं झालं. दादा सगळा वेळ उकिडवा बसून बघत होता. कल्हईवाल्याला म्हणाला, कथील २३२ अंशाला वितळतं. कल्हईवाला म्हणाला, “साहेब, आम्ही डोळ्यानं ओळखतो.” त्यावर दादा म्हणाला, “डोळ्यानं आकडा दिसत नाही.” हे सांगताना वहिनी पोट धरून हसली होती.

आता ती कादंबरी. त्यात स्टेला पहिल्यांदा त्या तरुणाच्या घरी जेवायला जाते. घरात बहिणी, आई, आजी, टीव्ही, पियानो, सगळा गोंगाट. आई मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिकच्या डब्यातलं जेवण गरम करून वाढते आणि स्टेला सांगते की प्लास्टिक तापलं की त्यातलं विष अन्नात उतरतं, हे खाऊ नये. मग सगळं बिनसतं. लेकीनं एवढं वाचलं आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं. मला आधी हसू आलं. कढीचं पातेलं सातासमुद्रापार कसं गेलं? हसता हसता मी रडायला लागले ते थांबेचना. लेक घाबरली.

कारण त्या दिवशी जिन्यात जाऊन मी दादाला काय म्हणाले होते ते मला आठवलं. “पुन्हा माझ्या घरी येऊ नकोस.” तो शब्दाला शब्द धरणारा माणूस. वहिनीनं समजूत घालेपर्यंत चार वर्षं आला नाही.

वहिनी कशी राहिली त्याच्यासोबत? मला आता वाटतं की तिच्याकडं ना डॉक्टर होता, ना शब्द, पण पद्धत होती. काही बदलायचं असलं की आदल्या दिवशी सांगायचं, मग सकाळी, मग दहा मिनिटं आधी. भातावर डाळ ओतायची नाही, वाटीत द्यायची. नवी बनियन दोनदा धुऊन मगच घालायला द्यायची. गणपतीत ढोल यायच्या आधी त्याला घेऊन ठाण्याला तलावपाळीवर जाऊन बसायचं. आणि संध्याकाळी सहा बाराला मुलुंड स्टेशनवर जायचं. भांडूपहून तो त्या गाडीनं यायचा, ही पुलाच्या पायऱ्यांशी उभी असायची. गाडीला उशीर झाला तर ताटकळायची, पण गाडी येऊन गेल्याशिवाय निघायची नाही. कारखाना बंद पडला, दादाला यायला गावच उरलं नाही, तरी दोघं संध्याकाळी जायची आणि सहा बाराची बघून परत यायची. मुख्य मार्गावरचा वीजप्रवाह २०१५ मध्ये पुरता बदलला, १५०० व्होल्टचा डी.सी. जाऊन २५००० चा ए.सी. आला, तेव्हा दादा महिनाभर बेचैन होता. गाडीचा सूर बदलला म्हणायचा. वहिनीला तो सूर ऐकू यायचा नाही, पण ती म्हणायची, “व्हय, बदललाय खरा.”

मूल झालं नाही. लोक वाट्टेल ते बोलत. एकदा मीही आडून विचारलं. वहिनी तोंडाला पदर लावून म्हणाली, “वन्सं, ते आधी विचारतात. दुसऱ्या कुणाचा नवरा विचारतो का?” लेक पानं उलटायची तेव्हा मला हे वाक्य आठवायचं.

फेब्रुवारी २०१० मध्ये ‘माय नेम इज खान’ आला. थिएटरबाहेर पोलीस उभे होते, तरी बायका गेल्या, कारण हिरो बोरिवलीचा. शाहरुख खान बोरिवलीतला पोरगा होऊन यंत्रं दुरुस्त करतोय, आवाजाला भितोय, पिवळा रंग चालत नाही. वहिनी माझ्यासोबत होती. मध्यंतरात म्हणाली, “वन्सं, हा आपल्या ह्यांच्यासारखाच हाय की. फकस्त ह्याला बायको अमेरिकेत मिळाली.” पडद्यावर त्या आजाराचं नावही सांगितलं होतं, ॲस्पर्गर. आमच्या दोघींच्याही कानावरून गेलं. समोसा खात होतो.

त्याच दिवशी परत येताना तिनं मला विचारलं, “वन्सं, बघायला आलाता तवा तुम्ही त्यांना शिकवून बसवलं होतं न्हवं? सारखं कपाळाकडं बघत होते. मला वाटलं माझं कुंकू वाकडं झालंय.” मी बसच्या खिडकीबाहेर बघत राहिले. ती म्हणाली, “आदी सांगितलं असतं तर मी न्हाई म्हटलं असतं.” बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्यात बरं झालं का वाईट, माझं मलाच कळंना.” मी तेव्हा क्षमा मागायला हवी होती. पुढं नऊ वर्षं होती. मागितली नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये ती गेली. ताप आला, काविळीवर गेला, नवव्या दिवशी संपलं. मुलुंडच्या स्मशानात पोचेतो संध्याकाळ झाली होती. गावाकडचे भाऊबंद आलेले, वहिनीचे भाऊ उभे. लाकडं रचत होते आणि दादा मनगटावरचं घड्याळ बघून मोठ्यानं म्हणाला, “सहा बारा गेली का?” कुणी उत्तर दिलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वहिनीच्या भावानं मान फिरवली, आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, “तुला काळीज आहे का रे?”

त्यानंतर तो बोलायचा बंद झाला. शेजारणीनं डबा दिला तर दोन घास खायचा, उरलेला झाकून ठेवायचा. मी जायची, खोली झाडायची, परत यायची.

कादंबरी संपली तेव्हा लेक म्हणाली, “आई, मामाला आडून काही विचारू नकोस. जे विचारायचंय ते सरळ विचार. आणि येतेस ते आधी सांगून ये.” मी फोन केला, उद्या पाच वाजता येते म्हणून. सकाळी पुन्हा केला. गेले. भात वेगळा, डाळ वाटीत. तो जेवला. मग मी विचारलं, “दादा, त्या दिवशी तू गाडीचं का विचारत होतास?”

तो भिंतीकडं बघून म्हणाला, “गाडी गेल्याशिवाय ती निघत नाही. उशिरा असली तर उभी राहते. पाय दुखतात तिचे. म्हणून विचारलं.”

मला किती वेळ काही सुचलं नाही ते सांगता येत नाही. म्हणाले, “मी तुला तेव्हा नको ते बोलले. चुकलं माझं.”

“काळीज आहे का, असं विचारलंस. ते सगळ्यांना असतं. तू रडत होतीस म्हणून मी उत्तर दिलं नाही.”

लेकीनं पुढं तपासणीचं काढलं. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नता नव्हती, १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात आली आणि २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारांत तिची गणना झाली. दाखला काढला तर मिळेल, असं तिचं म्हणणं. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दाखला कशाला लागतो?” ती म्हणाली, सवलतींना. म्हणाला, “रेल्वेचा पास माझा मी काढतो.” त्यामुळं कागदावर दादा काहीच नाही. कादंबरी वाचून आपल्या भावाला नाव देऊ नये हेही मला कळतं. पण मला त्या नावाचा उपयोग एवढाच झाला की भात आणि डाळ वेगळी ठेवायला कारण मिळालं. वहिनीला कारण लागलं नव्हतं.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. मी बोरिवलीत अडकलेली, तो मुलुंडला एकटा, आणि सहा बाराची गाडीच नाही. मला धास्ती बसली. मी रोज संध्याकाळी सहाला फोन करायची. “दादा, आज गाडी नाही. उद्याही नाही.” तो “बरं” म्हणायचा. बारा मिनिटं आम्ही दोघं काही न बोलता फोन कानाला लावून बसायचो, मग तो ठेवून द्यायचा. जूनमध्ये मी सांगितलं, पंधरा तारखेपासून गाड्या सुरू होणार, पण फक्त अत्यावश्यक कामाच्या लोकांसाठी.

“मी अत्यावश्यक आहे का?” त्यानं विचारलं.

“त्यांच्या यादीत नाहीस.”

“बरं.”

पंधरा तारखेला सहा वाजता मी फोन हातात घेतला तर त्याचाच आला. खिडकी उघडी असावी, पाऊस ऐकू येत होता. बराच वेळ नुसता पाऊस. मग त्या पावसातून रुळांचा आवाज आला, वाढला, कमी झाला.

“ही सहा बाराची नाही,” दादा म्हणाला. “दुसरीच आहे. पण गेली.”

“मग आता जेवून घे.”

“अजून सात वाजले नाहीत,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.